संमती आणि मुदत

देव पहिला, कुटुंब दुसरे, काम तिसरे. ख्रिस्ती मंडळ्यांच्या कौटुंबिक शिबिरांत, विवाहपूर्व वर्गांत, रविवारच्या प्रवचनांत ही उतरंड इतक्यांदा कानावर पडते की ती बायबलमधलेच एखादे वचन असावे, असा समज व्हावा. तसे वचन बायबलमध्ये नाही. पण फिरतीची नोकरी किंवा बाहेरगावचा धंदा असलेल्या माणसाला सल्ला द्यायची वेळ आली, की हीच उतरंड पुढे केली जाते. सल्ल्याचा मसुदा ठरलेला असतो. प्रवासाने श्रद्धा सैल होते, तेव्हा लॉजवर पहाटे उठून वचन वाचा, रात्री घरी फोन करा, रविवार चुकवू नका. आणि एवढे करूनही घरात कुरबुर राहिलीच, तर तुमच्या जीवनात देव खरोखर पहिला आहे का, ते तपासा. सांगणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. सल्ल्याविषयी मात्र आहे. फिरतीवर जाणारा माणूस देवाला, घराला आणि धंद्याला किती तास वाटून देतो, हा मुळात प्रश्नच नव्हे. त्याच्या गैरहजेरीला घरच्यांची संमती आहे का, तिला मुदत आहे का, आणि त्या मुदतीत मागे राहिलेल्यांचा भार कोण उचलते, हे खरे प्रश्न आहेत. उतरंड या तिन्हींना बगल देते आणि सगळा हिशेब एकट्या प्रवाशाच्या विवेकावर ढकलून मोकळी होते.

हा वाद विठ्ठलवाडीच्या आसपास नीट समजतो. कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या गाडीचे हे पहिले स्थानक. पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. इथली जीन्स आणि फर्निचर बाहेरगावी जाते, अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतली रसायने आणि यंत्रांचे भाग बाहेरगावी जातात, आणि मालामागोमाग माणसेही जातात: विक्री प्रतिनिधी, सर्व्हिस इंजिनियर, औषध कंपन्यांचे एमआर, ऑर्डर घ्यायला आणि उधारी वसूल करायला निघालेले छोटे मालक. या पट्ट्यातली ख्रिस्ती माणसेही बहुतेक करून कुठून तरी आलेलीच आहेत. कोणाचे मूळ अहमदनगर-जालन्याकडचे, कोणाचे केरळ-तामिळनाडूतले, कोणी ईस्ट इंडियन, कोणी सिंधी. मंडळीचे वेळापत्रक मात्र अजून एका गावात जन्मून त्याच गावात पुरल्या जाणाऱ्या माणसासाठी आखलेले असते. २०२४ साली ईस्टरचा रविवार ३१ मार्चला आला. उत्तम शुक्रवार २९ तारखेचा. म्हणजे ज्या आठवड्यात मंडळीला माणूस रोज हवा होता, नेमक्या त्याच आठवड्यात प्रत्येक विक्री खात्याला वर्षअखेरचे टार्गेट पुरे करायला तोच माणूस हवा होता. अशा वेळी ‘देवाला पहिले स्थान द्या’ एवढेच सांगणे म्हणजे त्याच्या अडचणीला पापाचे नाव देणे होय.

प्रवासाने, त्यातही धंद्याच्या प्रवासाने, श्रद्धा सैल होते हे गृहीतक आधी तपासू. सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की ‘कल्लियाना’ नावाच्या ठिकाणी इराणातून नेमलेला बिशप असतो. काही अभ्यासक ही जागा आणखी दक्षिणेला दाखवतात. पण अनेकांच्या मते कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, विठ्ठलवाडीला खेटून असलेले. हे मत ग्राह्य धरले, तर या खाडीकाठी ख्रिस्ती श्रद्धा रुजली ती व्यापारी जहाजांच्या वाटेने, आणि ती नोंदवणाराही फिरता व्यापारीच. कल्याणबद्दल वाद घालता येईल. नव्या कराराबद्दल येत नाही. पौल तंबू शिवून पोट भरत होता. करिंथात तो उतरला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोकडे, तेही तंबूच शिवणारे. रोमहून करिंथ, तिथून इफिस असा त्यांचा मुक्काम हलत राहिला आणि घरात मंडळी भरत राहिली. फिलिप्पैत पौलाचे ऐकून बाप्तिस्मा घेणारी लुदिया थुवतीरा नगरची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, म्हणजे तीही परगावची. मराठी ख्रिस्ती वाचकाला तर फार लांब जायला नको. नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार पडला तो राजनांदगावला जाताना, आगगाडीच्या डब्यात, एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाकडून. प्रवास हा श्रद्धेचा शत्रू असता, तर या धर्माच्या इतिहासाची निम्मी पाने कोरी राहिली असती.

उलट घरी असणे म्हणजे घर सांभाळणे, असेही इतिहास सांगत नाही. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. जहाज वाऱ्याने भरकटून ते ठाण्याला लागले होते आणि एका स्थानिक ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. पुढे तिथे आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने ती हकिकत लिहिली. त्या वेळी ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे तो सांगतो. प्रकरण पेटले ते धर्मचर्चेने नव्हे. यजमानाने बायकोला मारले, तिने काझीकडे तक्रार नेली, साक्षीदार कोण असे विचारताच घरातल्या पाहुण्यांचे नाव निघाले, आणि मग धर्माची उलटतपासणी सुरू झाली. यजमान फिरतीवर नव्हता. घरात एक सोडून चार संन्यासी होते, प्रार्थनेची वाण नव्हती. तरी त्या बाईला दाद मागायला घराबाहेर, परधर्मी न्यायाधीशाकडे जावे लागले. तेव्हा घर मोडण्याचे खापर प्रवासावर फोडणारांनी आधी हे सांगावे की हजर असलेल्या माणसाच्या हजेरीची किंमत ते कशावरून ठरवतात.

मग बायबल गैरहजेरीबद्दल काय सांगते? उतरंडीपेक्षा पुष्कळ नेमके सांगते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल नवराबायकोंना एकमेकांपासून दूर राहायची मोकळीक देतो, पण तीन अटींवर: दोघांची संमती हवी, काळ ठरलेला हवा, आणि नंतर पुन्हा एकत्र यायला हवे. आणि ही मोकळीक कशासाठी? प्रार्थनेसाठी. म्हणजे प्रार्थनेसारख्या कारणालाही संमती आणि मुदत यांतून सूट नाही. मग टार्गेटला, वसुलीला, प्रदर्शनातल्या स्टॉलला ती कुठून मिळणार? अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात नव्याने लग्न झालेल्या पुरुषाला वर्षभर लष्करात नेऊ नये आणि त्याच्यावर दुसरे कोणतेही काम लादू नये, त्याने घरी राहून बायकोला सुखी करावे, असा नियम आहे. इथे घराचा हक्क राज्याच्या हुकमाआधी येतो, आणि तो नवऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. कायद्याने बांधून दिला आहे.

ज्या ज्यू परंपरेतून पौल आला, तिने हा विचार आणखी पुढे नेला. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात कोणत्या धंद्यातल्या नवऱ्याने बायकोपाशी किती अंतराने असावे, याचे दंडक आहेत. मजुराने आठवड्यातून दोनदा, गाढवावरून माल नेणाऱ्याने आठवड्यातून एकदा, उंटवाल्याने तीस दिवसांतून एकदा, खलाशाने सहा महिन्यांतून एकदा. यात खलाशाला अधार्मिक ठरवलेले नाही. त्याच्या धंद्याचे अंतर मोजले आहे आणि त्या अंतराला हद्द घातली आहे. त्यावरच्या ताल्मुदी चर्चेत पुढचा प्रश्न येतो: गाढववाल्याला जास्त कमाईसाठी उंटवाला व्हायचे असेल तर? उत्तराचा रोख असा, की बायकोला थोडी कमाई आणि नवऱ्याचा सहवास हे भरपूर कमाई आणि विरह यांपेक्षा अधिक पसंत असते. म्हणजे बढतीचा निर्णय एकट्याचा नाही. आज ‘एरिया मॅनेजर’ होऊन तीन राज्ये सांभाळायला निघालेल्या माणसाला विचारायचा प्रश्न दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच तयार होता. आपण त्याऐवजी त्याला पहाटेच्या वाचनाची पुस्तिका देतो.

उतरंडीचा सर्वांत मोठा धोका याच्याही पुढचा आहे. देव पहिला हे सूत्र घराला बाजूला सारायचा परवाना म्हणून वापरता येते आणि वापरले गेले आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू ज्यांना फटकारतो, ते आईबापांच्या वाटचे द्रव्य ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे म्हणून हात झटकणारे लोक आहेत. त्यांच्या यादीतही देव पहिलाच होता. मराठी ख्रिस्ती इतिहासातले उदाहरण अधिक बोचरे आहे, कारण ते आपल्या लाडक्या माणसाचे आहे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंची संमती त्यांनी घेतली नव्हती. त्यानंतर चार-पाच वर्षे दोघांनी वेगळी काढली. ती वर्षे लक्ष्मीबाईंनी कशी काढली, हे ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि त्यात टिळकांच्या मोठेपणाइतकाच त्यांच्या घरातल्या बेभरवशीपणाचाही पुरावा आहे. लक्ष्मीबाई पुढे स्वतःहून ख्रिस्ती झाल्या, संसार पुन्हा उभा राहिला, म्हणून त्या वर्षांचा हिशेब पुसला जात नाही. टिळक धंद्यासाठी बाहेर पडले नव्हते, देवासाठी पडले होते. मागे राहिलेल्या बाईच्या दृष्टीने त्यात फरक काय पडला? तुकोबांच्या जिजाईला हा प्रश्न मराठी मनाने निदान विचारू दिला. ख्रिस्ती प्रवचनांतून मात्र फिरत्या नवऱ्याची बायको ‘आधार देणारी’ म्हणूनच येते. विचारणारी म्हणून येत नाही.

न विचारण्याचा परिणाम काय होतो, हे उल्हासनगरच्या सिंधी समाजाला कोणी सांगायला नको. सिंधमधल्या हैदराबादचे ‘सिंधवर्की’ व्यापारी कैरोपासून कोबेपर्यंत पेढ्या चालवत. पुरुष काही वर्षांच्या करारावर परदेशी जात, बायका हैदराबादेतच राहत. १९३०च्या दशकात त्याच शहरात ओम मंडळी, म्हणजे पुढची ब्रह्माकुमारी, उभी राहिली. तिच्याकडे आलेल्यांत या व्यापारी घरांतल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांपैकी अनेकींनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. परतलेल्या आणि घरच्या पुरुषांनी गदारोळ केला, १९३८ साली निदर्शने झाली. त्या पंथाच्या शिकवणीचा निवाडा इथे करायचा नाही. पण वर्षानुवर्षे स्वतःच्या विरहाला संमती न विचारणाऱ्या पुरुषांना बायकांच्या व्रताच्या वेळी संमतीची आठवण झाली, हे लक्षात घ्यावे. मागे राहिलेल्यांनाही स्वतःची श्रद्धा, स्वतःचा निर्णय आणि स्वतःचा संताप असतो. उतरंडीत ‘कुटुंब दुसरे’ असे लिहिले की कुटुंब ही सांभाळायची वस्तू होते. त्याला बोलता येते हे विसरले जाते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप शास्त्राचा. जो माझ्यासाठी घर, भाऊ, आई, बाप सोडतो त्याला शतपट मिळेल, असे आश्वासन येशूनेच दिले नाही का? दिले. पण ज्यांना दिले, त्यांचे पुढे काय झाले तेही पाहावे. पेत्राच्या घरी येशू गेला आणि त्याच्या आजारी सासूला बरे केले. पुढे पेत्र प्रेषित म्हणून हिंडत होता तेव्हा बायको त्याच्याबरोबर असे, हे करिंथकरांच्या त्याच पत्राच्या नवव्या अध्यायातून कळते. आणि वधस्तंभावरच्या अखेरच्या घटकांत येशूने आपल्या आईची सोय एका शिष्याच्या घरी लावली. सोडणे याचा अर्थ वाऱ्यावर सोडणे नव्हे, हे याहून स्पष्ट कसे सांगायचे? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट ठरवला आहे. देवाचे श्रेष्ठत्व अमान्य करा असे मी म्हणत नाही. ते तासांच्या तक्त्यात बसवता येत नाही, एवढेच म्हणतो.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. आता व्हिडिओ कॉल आहे, कौटुंबिक प्रार्थना फोनवर होते, मिस्सा मोबाइलवर दिसते, मग अडचण कसली? याचा उपयोग नाकारणे वेडेपणाचे होईल. पण फोनवरून तापलेल्या मुलाला रात्री डॉक्टरकडे नेता येत नाही, सोसायटीचे पाणी गेल्यावर टँकरच्या रांगेत उभे राहता येत नाही, म्हाताऱ्या आईला विठ्ठलवाडीच्या जिन्यावरून उतरवून रविवारच्या मेगाब्लॉकमधून उपासनेला नेता येत नाही. फोनमुळे प्रवाशाचे एकटेपण कमी होते. घरचा भार होत नाही. आणि उतरंडीतला सल्ला वारंवार प्रवाशाच्याच एकटेपणाशी बोलतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण तो पोटाचा आहे. संमती हा शब्द सुखवस्तू माणसाचा, असे कोणी म्हणेल. घराचा हप्ता चालू, मुलांची फी थकलेली, साहेबाने सोमवारी इंदूरला जा म्हटले तर कोण बायकोला विचारत बसणार? आक्षेप खरा आहे, पण तो उतरंडीला अधिक लागू पडतो. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याला देवाला पहिले स्थान दे म्हणून काय उपयोग? संमतीत निदान वाटाघाटीला जागा आहे. जावे की न जावे हे हाती नसले, तरी तारखा आधी कळाव्यात, परतायचा दिवस ठरावा, सलग दोन रविवार बाहेर जाऊ नयेत, वर्षातले काही दिवस कोणत्याही किमतीवर घरचे असावेत, हे बहुतेक घरांत आणि पुष्कळ कचेऱ्यांत ठरवता येते. आणि या पट्ट्यात किती तरी जण स्वतःच मालक आहेत. त्यांनी आपल्या हाताखालच्या ख्रिस्ती आणि अख्रिस्ती पोरांचे दौरे कसे आखायचे, हा प्रश्न तर पूर्णपणे त्यांच्याच हातातला आहे. शिवाय प्रवासी म्हणजे पुरुषच, हेही आता खरे उरले नाही. आखातात गेलेल्या नर्सचा नवरा इथे मुले वाढवतो. लुदियेच्या धर्मात तरी त्याला कोणी हसू नये.

एवढ्यानेही भागत नाही, तिथे मंडळीची पाळी येते, आणि मंडळीने हे काम पूर्वी उत्तम केलेले आहे. गोव्याचे ख्रिस्ती खलाशी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला येऊन बोटींवर चढले. त्यांच्यासाठी गावोगावच्या लोकांनी धोबीतलाव, माझगाव परिसरात ‘कूड’ उभे केले. धोबीतलावच्या जेर महालात असे कूड आजही आहेत. तिथे गावच्या माणसाला स्वस्तात पथारी आणि पेटी ठेवायला जागा मिळे, समोर अल्तार असे आणि संध्याकाळची रोझरी सर्वांना बंधनकारक असे. त्या खलाशाला कोणी मनोनिग्रहाची पुस्तिका दिली नाही. त्याचे गावच त्याच्या वाटेवर नेऊन ठेवले. कॅथलिक चर्चच्या कायद्यानेही वेळोवेळी हेच केले. १९८३च्या विधिसंहितेनुसार रविवारची मिस्सा आदल्या संध्याकाळी किंवा कोणत्याही गावच्या कॅथलिक उपासनेत घेतली तरी चालते, आणि योग्य कारण असल्यास धर्मगुरू सूटही देऊ शकतो. १९८८ साली कल्याण हे सायरो-मलबार धर्मप्रांताचे पीठ झाले ते केरळमधून बाहेर पडलेल्या श्रद्धावंतांसाठीच. माणसे हलली म्हणून नकाशा हलवायची तयारी ज्या संस्थेने दाखवली, तिला आपल्या एका धर्मग्रामाचे वेळापत्रक हलवणे अशक्य नाही.

म्हणून मागणी साधी आहे. विवाहपूर्व वर्गात उतरंड शिकवण्याऐवजी दोघांनी फिरतीच्या अटी ठरवाव्यात आणि त्या दरवर्षी पुन्हा पाहाव्यात. फिरतीवर गेलेल्यांच्या घरांची यादी पाळक-धर्मगुरूंकडे असावी आणि आजारपण, परीक्षा, म्हाताऱ्यांची ने-आण यांची पाळी मंडळीने वाटून घ्यावी. मार्चअखेरीला पवित्र सप्ताह आला तर रात्रीची एक उपासना वाढवावी. ख्रिस्ती मालकांनी परतीची तारीख न सांगता कोणालाही दौऱ्यावर पाठवू नये. यात नवे तत्त्वज्ञान काहीच नाही. पौलाने प्रार्थनेला घातलेल्या अटी धंद्याला लावल्या, एवढेच. ज्यांना हे फार वाटते त्यांनी उतरंड खुशाल सांगत राहावी, पण मग घर मोडल्यावर त्या एका माणसाची श्रद्धा कमी पडली, असे म्हणायचा हक्क त्यांना नाही. ज्या भाराची वाटणी कोणी केलीच नाही, त्याचा दोष एकट्याच्या माथी मारणे हा न्याय नव्हे, आणि ख्रिस्ती धर्म तर नव्हेच नव्हे.